दोन गाठींचे पुस्तक

१

पुस्तक अर्धे वाचून झाल्यावर दादाने पान मुडपले, स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितले की बाबा जाता जाता मला चोर म्हणून गेले, आणि पायांत चपला सरकवून तो दुकान विकायला गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडला.

दुकान औषधांचे होते. त्याआधी दादा एका मोठ्या इस्पितळाचे औषधभांडार सांभाळत असे. तिथून महागडी इंजेक्शने नाहीशी झाली. चौकशी बसली, चौकशी उठली. त्याने घेतली असे ठरले नाही, घेतली नाहीत असेही ठरले नाही. अशा निकालाने माणूस सुटत नाही, नुसता मोकळा सोडला जातो. दादाने नोकरी सोडून कोपऱ्यावर दुकान टाकले. बाबांनी या विषयावर कधी एक अक्षर काढले नाही. ते मौन दादा इतकी वर्षे उशाशी घेऊन झोपत होता. काही रात्री ते मऊ लागे, काही रात्री दगड.

आणि आता हे पुस्तक. कादंबरी एका भांडारपालाची होती. विश्वासाने सोपवलेल्या कोठारातून तो थोडे थोडे उचलतो, लोक त्याला नमस्कार करत राहतात आणि तो आतून किडत जातो.

बाबा वजनमापे निरीक्षक होते. बाजारातले तराजू तपासायचे आणि जो खरा निघेल त्याच्या तारेत शिशाचा मणी ओवून तो चिमट्याने दाबायचा, म्हणजे मोहर लागली, असे त्यांचे काम. हातात वस्तू घेऊन ते वजन सांगत आणि तराजू मागाहून त्याला मान डोलवी. घरात आलेले मीठसुद्धा ते स्वतःच्या तराजूवर घालून बघत. दुकानदार त्यांच्यासमोर पुडी बांधायला कचरत.

मुलांसाठी त्यांनी इस्टेट ठेवली नाही. पैसा ठेवला तर तुम्ही वाटून घ्याल, पुस्तक ठेवलं तर निदान वाचावं लागेल, असे ते म्हणत. तिघांसाठी तीन पुस्तके निवडायला त्यांनी कित्येक वर्षे घालवली. सोयरीक जमवावी तशी चिकित्सा केली, ठरलेली मोडली, पुन्हा शोधली. मूल कसे आहे ते बघून पुस्तक द्यायचे नसते, ते कुठे अडखळणार ते बघून द्यायचे, हा त्यांचा नेम सगळ्यांना पाठ होता. म्हणूनच दादाच्या जिव्हारी लागले.

शेवटच्या महिन्यात त्यांनी तिन्ही पुस्तके आपल्या हाताने खाकी कागदात गुंडाळली, सुतळीने बांधली आणि सुतळीला मोहर लावली. ते गेल्यावर तिघा भावंडांनी त्यांच्या खोलीत एकत्र बसून मोहरा पाहिल्या, त्या शाबूत होत्या, आणि मगच फोडल्या.

धाकट्या भावाने, ज्याला घरात बंड्या म्हणतात, मावशीला बोलावून घेतले. मावशी म्हणजे त्यांच्या आईची धाकटी बहीण. विमा कंपनीत तिने आयुष्य काढले. जळालेली गोदामे आणि भिजलेला माल बघून खरे काय घडले ते सांगायचे, हा तिचा धंदा. मूळ पद सोडून आख्यान रंगवणाऱ्या माणसाला ती जवळ उभे करत नसे.

दादाने तिच्यापुढे थेट मांडले. "दोनच गोष्टी होऊ शकतात, मावशी. कुणीतरी माझं पुस्तक बदललं, नाहीतर बाबांना मी चोर वाटत होतो. पहिली असेल तर नाव सांग. दुसरी असेल तर रविवारी गिऱ्हाईक येतंय, त्याच्या हातात किल्ल्या देतो आणि बायकोला घेऊन हे गाव सोडतो. बापालाच खात्री नव्हती, तर गल्लीला काय तोंड दाखवू?"

"आणि तिसरी असली तर?"

"तिसरी कुठली?"

"मला काय माहीत? अजून माझा चहासुद्धा झालेला नाही," मावशी म्हणाली.

२

बाबा तळमजल्यावरच्या खोलीत एकटे राहत. दादाचे बिऱ्हाड वर. वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्यांचे जेवणखाण खाली नेऊन देई. गाठोड्यांचे कागद, सुतळ्या, मणी तिने टाकले नव्हते. सासऱ्यांची शेवटची वस्तू म्हणून एका डब्यात ठेवले होते.

मावशीने तिन्ही मणी तळहातावर घेतले. एकावर ठसा अर्धाच उमटला होता, दुसऱ्यावर दोनदा, तिसऱ्यावर उलटा. बंड्या म्हणाला, आजारी माणूस, हात थरथरत असेल.

"थरथरत्या हाताचा ठसा फरफटतो," मावशी म्हणाली. "हे ठसे कसे स्वच्छ आहेत बघ. नुसती जागा चुकलीये."

मग तिने विचारले, कुठले गाठोडे कुणाचे हे कसे ओळखले? वहिनीने सांगितले की मामंजींनी सुतळीला गाठी मारून ठेवल्या होत्या. एक गाठ थोरल्याची, दोन गाठी मधलीच्या, तीन धाकट्याच्या. तसे त्यांनी तिच्याकडून पाठ म्हणून घेतले होते.

मावशीने खोलीभर नजर फिरवली. समोर कोनाड्यात बाबांचा पाण्याचा तांब्या होता आणि त्यावर त्यांचे नाव कोरलेले होते. छत्रीच्या मुठीवर नाव, चपलेच्या आतसुद्धा नाव. तांब्यावर नाव घालणाऱ्या माणसाने मुलांच्या गाठोड्यांवर नाव लिहायचे सोडून गाठी का माराव्यात?

संध्याकाळ होत आली होती. मावशीने दिव्याचे बटण दाबले. दिवा लागला नाही. दुसरे दाबले. तोही नाही. बंड्याने स्टुलावर चढून पाहिले, तर दोन्ही दिवे गेलेले आणि वर धुळीचा थर.

वहिनी ओशाळली. तिला कधी कळलेच नाही. ती दिवसा यायची, रात्रीचे ताट दारात ठेवून जायची. एकदा तिने अंधाराबद्दल विचारले होते, तेव्हा अंधारात नामस्मरण चांगलं होतं, असे उत्तर मिळाले होते. वर्तमानपत्र मात्र ते तिच्याकडून वाचून घेत. हल्ली छपाई फार वाईट करतात, असे म्हणत.

"भाऊजींच्या नामस्मरणाबद्दल मला शंका नाही," मावशी म्हणाली, "छपाईबद्दल आहे. ते भांडारपालाचं पुस्तक आण बरं."

घरातल्या सगळ्या पुस्तकांना असायचे तसे या पुस्तकालाही खाकी कव्हर होते. मावशीने ते उतरवले. पानांच्या कडांना चहासारखा फिकट डाग होता, पाणी पिऊन वाळलेल्या कागदाला पडतो तसा. पुठ्ठे मात्र करकरीत नवे आणि चांगले जाड.

"हे पुस्तक पाण्यात पडलं होतं," ती म्हणाली, "आणि कुणीतरी ते गुपचूप झाकलंय."

वहिनी दूध उतू जाईल म्हणून लगबगीने वर गेली. बंड्या मागाहून वर जाऊन आला. गॅसवर दूध नव्हते.

३

मावशी वहिनीच्या मागे गेली नाही. घाबरलेल्या माणसाला रात्रभर स्वतःशी बोलू द्यावे, सकाळी ते आपल्याशी बोलते, हा तिचा अनुभव. दुसऱ्या दिवशी ती मधल्या बहिणीकडे, ताईकडे गेली.

ताई न्यायाधीश होती. इस्पितळाचे प्रकरण झाले तेव्हापासून ती दादाच्या घरात पाऊल टाकत नव्हती. पदाची अडचण आहे, असे तिने एकदा निरोप पाठवून कळवले होते. बाबांना भेटायला यायची ती तळमजल्याच्या दाराने, स्वतःच्या किल्लीने, आणि तशीच परत जायची. शेवटच्या आठवड्यातही येऊन गेली होती. दादाचा संशय होता तो याच किल्लीवर.

ताईने आरोप शांतपणे ऐकला. पुस्तक बदलायला मोहर फोडावी लागली असती, नवी लावायला चिमटा लागला असता, आणि चिमटा बाबांच्या उशाखाली असे, हे तिने साक्षीदाराला समजवावे तसे समजावले. मावशीला ते पटले.

"मग बाबांनी दादाला ते पुस्तक का दिलं असं तुला वाटतं?"

"मी त्या प्रकरणात कधी मत दिलेलं नाही, मावशी."

"दिलं नाहीस. नुसती पाच वर्षं जिना चढली नाहीस."

ताईने खिडकीकडे पाहिले. खिडकीत कुंड्यांची रांग होती. तिला मिळालेले पुस्तक एका रोपवाटिकेच्या मालकाचे आत्मवृत्त होते, चित्रांसहित. बाबांनी माझी आवड बरोबर ओळखली, असे ती म्हणाली. एका बैठकीत वाचून काढले होते. मध्ये खूण म्हणून बाबांनी कुठलीशी औषधाची रिकामी पुडी ठेवली होती, ती तिने तशीच राहू दिली होती.

मावशीने ते पुस्तक मागून घेतले. निघताना तिने विचारले, तुला मातीत हात घालताना कधी अडखळायला होतं का? ताई हसली आणि म्हणाली, तेवढ्या एकाच ठिकाणी होत नाही.

वाटेत बंड्याकडे थांबली. बंड्याने आजवर धंदे अनेक सुरू केले होते आणि एकही टिकवला नव्हता. त्याचे पुस्तक चिमुकले होते: दोरीच्या गाठी कशा माराव्यात. तो म्हणाला, माझं पुस्तक कुणी बदलून दिलं तर मी त्याला पेढे... नाही, जेवायलाच घालीन. पण मी लायक आहे याच्या. तिसऱ्या प्रकरणापर्यंत आलोय, हे माझ्या मानानं पुष्कळ झालं.

मग मावशी बागेतल्या बाकावर बसली आणि भांडारपालाची कादंबरी तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दादाने मुडपलेले पान आले, तशी ती पुढे गेली. दादाने तिथेच सोडले होते. ताईने आणि बंड्याने तर हातही लावला नव्हता. मुडपलेल्या पानानंतर काही पानांतच भांडारपाल कथेतून निघून गेला. उरलेले अर्धे पुस्तक दुसऱ्याच माणसाचे होते.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्वतःच खाली मावशीकडे आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते.

बाबा तपासणीसाठी इस्पितळात होते तेव्हा ती त्यांची खोली पुसत होती. बादली कलंडली. आरामखुर्चीच्या पायाशी ठेवलेले ते पुस्तक भिजले. तिने पंख्याखाली वाळवले, पण पुठ्ठे वेडेवाकडे झाले. मामंजी वस्तूच्या बाबतीत कडक. शिवाय निवडून ठेवलेले पुस्तक. तिने ते बाइंडरकडे नेले, नवे पुठ्ठे चढवून घेतले, नवे खाकी कव्हर घातले आणि होते तिथे ठेवून दिले. बाबांना घरी आल्यावर काही कळले नाही. आपण निभावून नेले म्हणून तिने देवापुढे हात जोडले.

"आता हे माझ्यावर येणार, मावशी. हे म्हणतील तूच बदललंस. पण मी आतलं एक पान हलवलं नाही, शपथ घेते."

"माहीत आहे गं. या पुडक्यात काय आहे?"

पुडक्यात जुने पुठ्ठे होते. आतल्या बाजूला बाबांच्या नावाचा शिक्का होता, म्हणून तिच्याने टाकवले नव्हते. वाळून ते पापडासारखे वाकले होते, पातळ आणि हलके.

मावशी ते घेऊन बाइंडरकडे गेली. बाइंडर बोलका होता. बाईंनी सांगितलं मजबूत करा, म्हणून मी हिशेबाच्या वह्यांना लावतो तो पुठ्ठा लावला, म्हणाला. पुस्तक आता नातवंडांना पुरेल. मावशीने त्याच मापाचे त्याच पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून मागितले. तो म्हणाला, पुस्तक कुठाय? मावशी म्हणाली, पुस्तक नाही, नुसतं वजन पाहिजे.

रविवारी सकाळी तिने सगळ्यांना बाबांच्या खोलीत बोलावले. ताईलाही. ताई आली आणि दाराशीच उभी राहिली. दादाच्या खिशात दुकानाच्या किल्ल्या होत्या; गिऱ्हाईक थोड्याच वेळात येणार होते. मावशीने टेबलावर बाबांचा तराजू मांडला.

"पुस्तकांची अदलाबदल झाली आहे," ती म्हणाली. "करणारा माणूस मला कळला आहे. आणि तो या खोलीत नाही."

५

"भाऊजी," ती म्हणाली. "दुसरं कोण?"

मग मावशीने एकेक धागा सोडवला. दिवे गेलेले आणि माणसाला पत्ता नाही. वर्तमानपत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. ठसे स्वच्छ, पण जागा चुकलेली. आणि नावाऐवजी गाठी, कारण गाठ बोटांना वाचता येते. शेवटच्या वर्षात बाबांची दृष्टी गेली होती आणि त्यांनी ती कुणाला कळू दिली नव्हती. ज्याच्या नजरेवर सगळा बाजार चालला, त्याने आता दिसत नाही हे कोणत्या तोंडाने सांगावे?

"पण मग पुस्तकं ओळखली कशी?" ताईने विचारले.

"हातानं. बंड्याचं चिमुकलं, ते सोपं. उरलेली दोन मापानं सारखी, दोन्हींना सारखंच खाकी कव्हर. फरक फक्त वजनाचा. चित्रांचं पुस्तक किंचित जड, कादंबरी किंचित हलकी. तुम्हाआम्हाला कळला नसता. त्यांना झोपेत कळला असता. आता बघा."

तिने एका पारड्यात कादंबरी ठेवली, दुसऱ्यात रोपवाटिकेचे पुस्तक. कादंबरीचे पारडे खाली गेले.

"आज कादंबरी जड आहे. का, तर तिला नवे जाड पुठ्ठे लागलेत. बादली वहिनीच्या हातून सांडली, आणि ती घाबरली. दादा, तिच्याकडे असं बघू नकोस. आधी संपू दे."

तिने बाइंडरने कापून दिलेले पुठ्ठे रोपवाटिकेच्या पुस्तकावर ठेवले. आता नवे पुठ्ठे दोन्हीकडे झाले, त्यांचे वजन परस्पर फिटले. मग वहिनीने जपलेले जुने पुठ्ठे तिने कादंबरीवर ठेवले. "आता तराजूवर पुस्तकं आहेत ती पाणी सांडायच्या आधीची."

काटा थरथरला, आणि हलकेच दुसऱ्या बाजूला कलला. रोपवाटिकेचे पारडे खाली आले.

"जड ते एका गाठीचं, हलकं ते दोन गाठींचं, हे भाऊजींच्या मनात पक्कं होतं. त्यांनी दोन्ही हातांत दोन पुस्तकं घेतली आणि हातानं सांगितलं तसं बांधलं. पान उघडून चाचपायचं त्यांना सुचलंसुद्धा नसेल. हात कधी खोटा पडला नव्हता ना."

दादा तराजूजवळ सरकला. "वजनावरून अदलाबदल झाली असेल हे कळलं. पण चोराचं पुस्तक ताईसाठी? ते कसं?"

"तू ते कुठपर्यंत वाचलंस?"

"अर्धं. पुढं वाचायची गरज काय होती?"

"हेच. चोर अर्ध्यात तुरुंगात जातो. त्यानंतरचं सगळं पुस्तक त्याला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचं आहे. निकाल बरोबर असतो. पण त्यानं त्या माणसाला एक प्रश्न विचारलेला नसतो, आणि तो न विचारलेला प्रश्न त्याला आयुष्यभर जेवू देत नाही. भाऊजी काय म्हणायचे? मूल कुठे अडखळणार ते बघून द्यायचं."

ताई दाराशी होती तिथेच खाली बसली.

मावशीने रोपवाटिकेचे पुस्तक, बाबांनी दिसत होते तेव्हा पुडी ठेवलेल्या जागी उघडून, दादाच्या हातात दिले. त्या प्रकरणात गावभर बोभाटा होतो की याच्या रोपांनी बागांत रोग आणला. मालक कुणाशी वाद घालत नाही. तीच रोपे तो आपल्या फाटकाशी लावतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, आणि रोज पाणी घालतो. पान वाचून होईपर्यंत दादाने पुडी हातात धरली होती. मग त्याने ती उलटून पाहिली. चारही कोपरे आत घेऊन शेवटची घडी तिरपी. अशी पुडी गल्लीत तो एकटाच बांधतो.

"बाबा चूर्ण माझ्याकडूनच न्यायचे," तो म्हणाला.

तेव्हा वहिनी पुढे झाली. "मीठ आलं तरी तराजूवर घालायचे. साखर, डाळ, सगळं. तुमच्या पुड्या तेवढ्या कधी तराजूवर नाही ठेवल्या. मी एकदा विचारलं सुद्धा. म्हणाले, तिथं तपासायचं काय?"

दादाने तोंड फिरवले. देव सगळ्यांची पारडी धरून असतो म्हणतात; त्या घटकेला ती बहुधा स्थिर असावीत.

ताई उठली आणि दादासमोर येऊन उभी राहिली. न्यायासनावर बसून ज्या आवाजात ती विचारत असेल, तो आवाज तिला लागला नाही.

"दादा, तू घेतली होतीस का ती इंजेक्शनं?"

"नाही."

"मी तेव्हा विचारलं नाही."

"नाही विचारलंस."

बाहेर फाटकाची कडी वाजली. गिऱ्हाईक आले होते. दादाने डोळे पुसले, खिशातल्या किल्ल्या चाचपल्या आणि त्या माणसाला फुकट हेलपाटा पडला याबद्दल त्याची माफी मागायला तो बाहेर गेला. वहिनी चहा ठेवायला वर निघाली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली आणि नणंदेला म्हणाली, या वर. इथं दिवा नाही.

ताईने पारड्यातले पुस्तक उचलले आणि तिच्या मागोमाग जिना चढली. वर खिडकीपाशी बसून तिने ते उघडले, जिथे दादाने पान मुडपून सोडून दिले होते, तिथून.